लॉ सीईटीची पुस्तकं घेताय? आधी एक पेपर सोडवा, मग दुकानात जा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस अंगात आलेला असताना, माझी पुतणी मालवणहून एसटीने कुडाळला आली. पाठीवर एक पिशवी, हातात एक. "आत्या, सगळी घेतली," म्हणाली आणि ओट्यावर एकेक करून नऊ पुस्तकं मांडली. त्यातली दोन एकाच विषयाची होती. एक क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं, एक चक्क पोलीस भरतीचं. आणि एक एवढं जाड, की त्याच्या मुखपृष्ठावर अकरा परीक्षांची नावं मावली होती. तिला बसायचं होतं ते पाच वर्षांच्या लॉ सीईटीला, म्हणजे बारावीनंतरच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या राज्य प्रवेश परीक्षेला. नवातली तिच्या कामाची किती, हे ठरवायला आम्हाला पाऊण तास लागला. अडीच निघाली. अर्धं कुठून आलं ते शेवटी सांगते.

तिला हसायचा मला हक्क नव्हता. आपल्या राज्यात लॉची सीईटी २०१६ ला पहिल्यांदा झाली, आणि त्याच वर्षी मी बी.कॉम. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी धडपडत होते. बाजारात खास त्या परीक्षेचं पुस्तक मिळायची मारामार. एक मिळालं, मोठ्या आनंदाने घेतलं. महिनाभराने कळलं की ते बँकेच्या परीक्षेचं जुनं पुस्तक होतं, वर नवं कव्हर आणि शेवटी कायद्याची वीस पानं डकवलेली. व्याजाचे कोष्टक आणि टाकीत पाणी भरणारे नळ यांच्यात माझा मे महिना गेला, आणि तीन वर्षांच्या पेपरात गणिताचा विभागच नव्हता! तेव्हापासून पुस्तकाच्या दुकानात माझा वकिली स्वभाव जरा जास्तच जागा असतो.

परीक्षा नेमकी कोणती?

कोकणातल्या मुलांसमोर साधारण तीन वाटा असतात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम करायचा तर राज्याची पाच वर्षांची सीईटी. पदवीनंतर करायचा तर तीन वर्षांची सीईटी. रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयासारख्या राज्यातल्या कॉलेजांचा प्रवेश याच दोन परीक्षांवरून होतो. तिसरी वाट क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत.

तिन्ही परीक्षांना १२० प्रश्न आणि दोन तास. साम्य तिथेच संपतं, आणि पुस्तकं विकणारे नेमके त्या साम्यावर धंदा करतात. पाच वर्षांच्या सीईटीत कायद्याची समज ३२ प्रश्न, तर्क ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी २४, इंग्रजी २४ आणि गणित ८. तीन वर्षांच्या सीईटीत गणित नाही, पण इंग्रजी तब्बल ४०, सामान्य ज्ञान ३२, कायदा २४ आणि तर्क २४. या दोन्ही परीक्षा संगणकावर होतात, प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही दिसतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न बहुतेक आखूड, सरळ.

क्लॅटचा बाज निराळा. तिथे कागदावर पेपर, पेनाने गोळे रंगवायचे, चुकलं की पाव गुण वजा, आणि सगळा पेपर इंग्रजीत. प्रश्न सुटे येत नाहीत. साडेचारशे शब्दांपर्यंतचा एक उतारा आणि त्याखाली प्रश्नांचा घोस. गेली काही वर्षं ही परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, तर सीईटी उन्हाळ्यात.

म्हणून 'क्लॅट, सीईटी व इतर सर्व विधी प्रवेश परीक्षांसाठी उपयुक्त' असं कव्हरवर दिसलं की ते पुस्तक खाली ठेवा. एकाच जाळ्यात सुरमई आणि कोळंबी दोन्ही धरणारं जाळं अजून कोणी विणलेलं नाही. दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर पाया क्लॅटच्या पुस्तकाने घाला आणि सीईटीसाठी वेगळा सराव संच घ्या. उलट केलं तर डिसेंबरात उतारे वाचतानाच दम लागतो.

दुकानाच्या आधी एक पेपर

हा टप्पा सगळे गाळतात. एकही पान न वाचता, घड्याळ लावून, एक पूर्ण पेपर सोडवा. क्लॅटचे मागचे पेपर विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. सीईटीसाठी ओळखीतल्या एखाद्या सिनियरकडून सराव पेपर घ्या, नाहीतर वाचनालयातल्या पुस्तकातला एक पेपर बसून सोडवा. गुण किती पडले हे कोणालाही सांगायचं नाही, त्याला अर्थ नसतो.

अर्थ असतो तो चुकलेल्या प्रश्नांना. कागदावर चार रकाने पाडा: माहीत नव्हतं, वाचण्यात चूक झाली, वेळ पुरला नाही, आणि तुक्का लागला. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा, कारण तुक्क्याने बरोबर आलेलं उत्तर उद्या चुकणारच आहे.

आता बघा, पुस्तक नेमकं कशाचं हवं ते आपोआप कळतं. पहिला रकाना भरला असेल तर माहिती देणारं पुस्तक हवं. दुसरा भरला असेल तर कुठलंही जाड गाइड उपयोगाचं नाही, फक्त उत्तरांचं स्पष्टीकरण नीट देणारा सराव संच हवा. तिसरा भरला असेल तर नवं पुस्तक घेऊच नका, आहे त्यातच वेळ लावून बसा. पुतणीच्या कागदावर तर्काचे अकरा प्रश्न 'वेळ पुरला नाही' मध्ये होते आणि तिने तर्काचीच दोन पुस्तकं आणली होती. तिला तर्क येत होता, घाई येत नव्हती.

दुकानात उभं राहून दहा मिनिटं

पुस्तक हातात घेतल्यावर मुखपृष्ठ आणि प्रस्तावना सोडा. आवृत्तीचं वर्षही फार मनावर घेऊ नका, ते कव्हरबरोबर बदलता येतं. आतलं बदलायला मेहनत लागते, म्हणून आत बघा.

पहिली तपासणी फौजदारी कायद्याची. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाची शिक्षा, जी आपल्या सिनेमांनी घराघरात ३०२ म्हणून पोचवली, ती आता कलम १०३ मध्ये आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं. चोरी ३०३ मध्ये गेली. जुन्या संहितेत ५११ कलमं होती, नवीत ३५८. अनुक्रमणिकेत हे शोधा. पुस्तकात अजून ३०२ आणि ४२० एवढंच असेल तर ते कितीही 'सुधारित आवृत्ती' म्हणवून घेवो, दुकानदाराला परत करा. दोन्ही कलमं शेजारी शेजारी देणारा तक्ता असेल तर ते पुस्तक चांगलं, कारण १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना आजही जुनाच कायदा लागतो आणि वर्तमानपत्रात दोन्ही आकडे दिसत राहणार. आमच्या कोर्टात तर दोन्हीची सरमिसळ रोजचीच.

दुसरी तपासणी आपल्या अंगणातली. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठांचं पान उघडा. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा एवढंच लिहिलंय, की कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठही आहे? १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणं त्याच्याकडे गेली. त्यात आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही आहेत. ज्या पक्षकारांना मुंबईच्या तारखेसाठी रात्रीची गाडी धरायला लागायची, त्यांना हे पाठ आहे. तुमच्या पुस्तकालाही पाठ असायला हवं.

तिसरी तपासणी म्हणजे उत्तरसूचीची परीक्षा. तुम्हाला शंभर टक्के ठाऊक असलेले तीन-चार प्रश्न शोधा. उदाहरणार्थ मालमत्तेचा हक्क. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढून कलम ३०० अ मध्ये नेला. किंवा मतदानाचं वय २१ वरून १८ करणारी ६१ वी दुरुस्ती. अशा चार प्रश्नांत एक जरी उत्तर चुकलेलं सापडलं, तर पाचशे प्रश्नांत किती असतील याचा हिशेब तुम्हीच करा. चुकीची उत्तरसूची चुकीच्या शिक्षकापेक्षा वाईट. शिक्षकाला उलट विचारता तरी येतं.

चौथी तपासणी मराठी पुस्तकांसाठी, आणि हिच्यावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे. बरीच मराठी पुस्तकं आता इंग्रजीवरून यंत्राने उलटवलेली असतात. ती ओळखायची सोपी युक्ती म्हणजे करार कायद्याचं प्रकरण उघडायचं. कराराला 'कन्सिडरेशन' लागतं, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला, त्याला कायद्याच्या मराठीत प्रतिफल म्हणतात. पुस्तकात जर 'करारासाठी विचार आवश्यक आहे' असं छापलं असेल, तर ते लिहिणाऱ्याने कायदा वाचलेला नाही. तसंच 'मायनर', म्हणजे अठरा वर्षांखालची व्यक्ती. तिला कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणतात. मी एका पुस्तकात 'किरकोळ व्यक्तीचा करार निरर्थक असतो' हे वाक्य डोळ्यांनी वाचलंय. 'सेंटेन्स' म्हणजे शिक्षा, वाक्य नव्हे. 'टॉर्ट' म्हणजे अपकृत्य, ज्याची भरपाई दिवाणी कोर्टात मागता येते असं चुकीचं कृत्य. 'एक्झिक्युशन' म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी, फाशी नव्हे. आमच्या कोर्टात तर तिला दरखास्त म्हणतात आणि ती फाशीपेक्षा लांबते, ते सोडा. एवढे पाच शब्द तपासले की पुस्तकाचं मराठी खरं की खोटं ते कळतं.

प्रश्न परीक्षेत मराठीतून वाचणार असाल तरी एक करा. प्रत्येक संज्ञेसमोर इंग्रजी शब्द देवनागरीत का होईना लिहून ठेवणारी वही घाला. वर्गात आणि निकालपत्रांत पुढे इंग्रजीच भेटणार आहे.

कायद्याच्या विभागाचं पुस्तक

इथे मुलं सर्वात जास्त घाबरतात आणि सर्वात महाग पुस्तक घेतात. खरं तर परीक्षकाला तुम्ही वकील आहात का हे बघायचं नसतं. एक नियम आणि एक प्रसंग दिला, तर नियम प्रसंगाला लावता येतो का, एवढंच बघायचं असतं.

आमच्या शेजारच्या काकांच्या परड्यात एक जुना माड आहे, रस्त्याकडे झुकलेला. ते म्हणतात, "माड माझो, नारळ माझो, पण रस्त्यान जाणाऱ्याच्या डोक्यार पडलो तर माझो काय दोष?" हाच तुमचा प्रश्न. नियम असा: ज्याच्या ताब्यात धोक्याची वस्तू आहे त्याने दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी. प्रसंग असा: काकांना माहीत होतं की नारळ पाडायला माणूस तीन महिने आलेला नाही, नारळ सुकून लोंबतायत, आणि खालून शाळेची मुलं जातात. चार पर्याय. पहिला म्हणतो नारळ पडणं ही देवाची करणी. दुसरा म्हणतो रस्ता सरकारी म्हणून सरकार जबाबदार. तिसरा म्हणतो मुलांनी वर बघून चालायला हवं होतं. चौथा म्हणतो काका जबाबदार, कारण धोका ठाऊक असून त्यांनी काळजी घेतली नाही.

चांगलं पुस्तक चौथा पर्याय बरोबर म्हणून थांबत नाही. पहिला का चुकीचा, दुसऱ्यात मुलांना गोंधळवणारं नेमकं काय आहे, हे सांगतं. वाईट पुस्तकात फक्त 'उत्तर: ४' असतं. दुकानात कुठलेही दोन स्पष्टीकरणाचे परिच्छेद वाचा, बाकीच्या पर्यायांबद्दल एक तरी ओळ आहे का बघा. नसेल तर ते पुस्तक म्हणजे दीड किलोची उत्तरसूची.

गाजलेले थोडे खटले पुस्तकात असावेत, पण पाठांतरासाठी नकोत. अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून पक्कं आहे. ते लक्षात ठेवायला सोपी गोष्ट हवी. सतरा वर्षांच्या पोराने बापाला न विचारता आंब्याच्या शंभर पेट्यांचा करार केला आणि व्यापाऱ्याने आगाऊ पैसे दिले, तर व्यापारी त्या करारावर पोराला कोर्टात खेचू शकत नाही. पुस्तकात अशा गोष्टी असतील तर घ्या, नुसती नावं आणि सनावळी असेल तर नको.

संविधानासाठी वेगळं पुस्तक लागतच असेल तर मूळ संविधान घ्या. मराठीत शासनाने छापलेलं मिळतं. मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, संसद, न्यायव्यवस्था आणि आणीबाणी एवढे भाग दोनदा वाचा. कायद्यांचे मूळ मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. गाइडमधलं कलम खरं की खोटं ते तिथे तपासायचं.

बाकीचे विभाग

गणिताचे ८ प्रश्न. घरात सातवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं असतील तर शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा एवढं करा. पुस्तक विकत घेऊ नका.

तर्काचं पुस्तक एकच, आणि जुनं असलं तरी चालतं. नातेसंबंध, दिशा, बैठकव्यवस्था, विधान-निष्कर्ष हे काही घटनादुरुस्तीने बदलत नाही. सिनियरकडून अर्ध्या किमतीत घ्या. पेन्सिलने सोडवलेलं असेल तर खोडरबर लागेल, एवढंच.

सामान्य ज्ञानाच्या जाड वार्षिक पुस्तकात बहुतेकांचे पैसे बुडतात. ते छापलं जातं तेव्हाच त्यातली निम्मी माहिती शिळी झालेली असते. रोज एक वर्तमानपत्र आणि महिन्याच्या शेवटी एक चालू घडामोडींचं मासिक पुरतं. इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्रासाठी बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर आहेत. आणि आपल्या आसपासचं विसरू नका. १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, चिपळूणजवळच्या पेढ्याला जन्मलेले आणि १९६३ मध्ये भारतरत्न मिळालेले वकील व धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे. हे तुमच्या एसटीच्या वाटेवरचं सामान्य ज्ञान आहे.

इंग्रजीबद्दल मराठी माध्यमातली मुलं सगळ्यात आधी 'वीस हजार शब्द' वगैरे नावाचं पुस्तक घेतात. नको. शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक काढा: काळ, शब्दयोगी अव्यय, कर्ता-क्रियापद मेळ. त्याबरोबर रोज एका इंग्रजी अग्रलेखाचे दोन परिच्छेद, मोठ्याने. अडलेले पाच शब्द वहीत, वाक्यासकट. तीन वर्षांच्या सीईटीला ४० प्रश्न इथून येतात, तेव्हा तो विभाग मागे ढकलू नका. क्लॅटवाल्यांना तर सगळा पेपरच वाचनाचा.

कुठून आणायची

आधी वाचनालय. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर. हव्या त्या प्रती असतीलच असं नाही. पण आठवडाभर घरी नेऊन पुस्तक पारखता येतं, आणि मग विकत घ्यायचं की नाही ते ठरतं. दुकानात दहा मिनिटं मिळतात, इथे आठ दिवस.

पुण्याला कोणी जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारायला सांगा, पण यादी लिहून द्या. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, सगळं. 'लॉचं काहीतरी चांगलं आण' असं सांगितलं की काय येतं ते आमच्या ओट्याने बघितलंय.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफ घेऊ नका. पानं तिरकी, मधली गायब, आणि नेमकी उत्तरसूची कापलेली. शिवाय वकील व्हायला निघालेल्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा मोडून सुरुवात करावी, हे काही मला बरं वाटत नाही.

आणि पावसाळ्याचं काय? घाटावरच्या मित्राला हा प्रश्न पडणार नाही. गोंदाने चिकटवलेली जाड पुस्तकं आपल्या दमट हवेत ऑगस्टपर्यंत पानापानाने सुटतात, कपाटात राहिली की पांढरी बुरशी धरते. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक मिळत असेल तर पन्नास रुपये जास्त गेले तरी तेच घ्या. नाहीतर पहिल्याच दिवशी विषयवार फाडून स्पायरल करून आणा. ऑनलाइन सराव परीक्षांवर सगळा भरवसा ठेवू नका. वीज आणि रेंज दोन्ही एकदम जाण्याचे दिवस आपल्याकडे कमी नाहीत. पण सीईटी संगणकावर असते, म्हणून शेवटच्या महिन्यात निदान पाच पेपर संगणकावरच द्या, घरी नसेल तर सायबर कॅफेत. क्लॅटवाल्यांनी गोळ्यांच्या छापील कागदावर पेनाने, कारण गोळे रंगवण्यातही मिनिटं जातात.

वेळापत्रकाचं एकच सांगते: गणपतीचे दिवस अभ्यासाच्या हिशेबात धरू नका, आणि घरी आंब्याची बाग असेल तर एप्रिलही नाही. ज्यांची परीक्षा आणि पेट्या भरायची वेळ एकत्र येते, त्यांनी फेब्रुवारीपर्यंत पहिली फेरी उरकलेली बरी. एका विषयाचं पहिलं पुस्तक चुकांच्या वहीसकट संपेपर्यंत दुसरं घरात आणायचं नाही.

पुतणीने पोलीस भरतीचं पुस्तक शेजारच्या मुलाला दिलं, क्लॅटचं आणि आणखी चार दुकानदाराने कुरकुरत बदलून दिली. राहिली दोन: कायद्याचं एक आणि सराव पेपरांचा संच. अर्धं म्हणजे ते अकरा परीक्षांवालं. जुलैच्या पावसात त्याचा गोंद सुटला आणि तर्काचा भाग आख्खा हातात आला. तेवढा तिने दोरा घालून शिवून घेतला. उरलेला वहिनीने लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर ठेवलाय. जड आहे, झाकण हलत नाही.